आईंच्या पेटीवरचा चिनी माणूस

माझ्या सासूबाईंच्या पेटीवर एक चिनी माणूस होता. मी त्याला गरम पाण्याने धुतलं. त्यानंतर तो पेटीवर नव्हता.

घडलं ते एवढंच. बाकीचं, म्हणजे कोंबडी, वेंगुर्ल्याचे पाहुणे आणि नणंदेचं ठरत आलेलं लग्न मोडायची आलेली वेळ, हे सगळं त्याच्या मागून आपोआप आलं.

मी मूळची नांदगावची, म्हणजे याच जिल्ह्यातली, पण समुद्रापासून आत. आमच्याकडे भात, काजू, आंबे. मासे म्हणजे विकणारी दारात आली तर. आणि लग्न करून आले ते थेट मालवणात, दांडीच्या किनाऱ्यावर, स्वतःची होडी असलेल्या घरात. मी आणि विलास कॉलेजात भेटलो होतो. आमच्या लग्नाला आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, विरोध असा केला नाही. त्यांनी विलासला एकच प्रश्न विचारला, ''तिका मासे साफ करूक येतत?''

विलास म्हणाला, ''येतत.'' (आमच्या संसारातली पहिली थाप. त्याच्यावर अख्खा संसार उभा आहे.)

पहिल्याच आठवड्यात आईंनी माझ्यापुढे बांगडे ठेवले. मी विळीवर बसले. थोड्या वेळाने आई मागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ''ठेव ती विळी. मेलो तो बांगडो कधीच. आणि किती मारतलंस तेका?''

त्यानंतर सहा महिने आमचं बोलणं म्हणजे 'जेव', 'नीज' आणि 'दार लावून घे'. त्या दिवसभर बाजारात मासे विकायला बसायच्या, संध्याकाळी येऊन पान खायच्या आणि माझ्याकडे बघून सुस्कारा सोडायच्या. आता मासे साफ करायचा मार्ग बंद झाल्यावर मी काय करावं? मी बाकीचं सगळं साफ करत सुटले. कंदील घासले, समया घासल्या, जाळ्याच्या खोलीतली कोळिष्टकं काढली. एकदा सासऱ्यांच्या, म्हणजे बाबांच्या, चपला धुतल्या, तर त्या ओळखू न आल्यामुळे ते दिवसभर अनवाणी फिरले.

राहिली होती ती पेटी.

पेटी म्हणजे आईंची पानाची पेटी. दीड वीत लांब, काळ्याभोर लाकडाची, आणि उचलली की आत कोणीतरी बसलंय असं वाटावं इतकी जड. आईंचे वडील आगबोटीवर खलाशी होते आणि त्यांनी ती हाँगकाँगहून आणली होती, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. तिच्या झाकणावर शिंपल्याच्या तुकड्यांचं चित्र होतं. लाकडात बारीक खाच कोरायची आणि तिच्यात त्याच आकाराचा चमकता तुकडा बसवायचा, असं ते काम. काही तुकडे नखाएवढे, काही तांदळाच्या कणीएवढे. पण पेटी राहायची चुलीजवळच्या फळीवर. वर्षानुवर्षांचा धूर, खोबरेल आणि चुन्याची बोटं यांची झाकणावर एक तपकिरी साय जमली होती. तिच्याखालून कुठे एखादा पाय चमकायचा, कुठे झाडाची फांदी. मधोमध पुलावर एक चिनी माणूस उभा होता, त्याचं तोंड तेवढं स्वच्छ दिसायचं. आई पान लावायच्या आधी त्याच्यावरून अंगठा फिरवायच्या. मला वाटायचं, सवय असेल.

त्या रविवारी वैशालीची, माझ्या नणंदेची, सुपारी फुटायची होती. वेंगुर्ल्याचे लोक जेवायला येणार, जेवणं झाली की आई याच पेटीतून मुलाच्या आईला पान देणार, आणि पुढे लग्नात पेटी वैशालीबरोबर सासरी जाणार. आईंच्या सुपारीला त्यांच्या आईने तसंच केलं होतं.

शनिवारी सकाळी आई भावाला बोलवायला देवबागला गेल्या. मी फळीवरच्या पेटीकडे बघितलं. एवढी कळकट पेटी पाहुण्यांपुढे ठेवायची? आणि आल्यावर आईंना ती लखलखीत दिसली तर? माझ्या डोळ्यांपुढे आई हसल्या. (खऱ्या कधी हसल्या नव्हत्या, त्यामुळे ते हसू मला विलासच्या मावशीचं उसनं घ्यावं लागलं.)

घरात नुकताच फोन आला होता. मी नांदगावला माझ्या आईला लावला.

ती म्हणाली, ''सोडो घाल आणि ऊन पाण्यात ठेव. तेलकट सगळा सुटान जाता.''

''लाकडाची आहे गं ती.''

''मगे घोवाक विचार.''

घोव, म्हणजे विलास, अंगणात होडीच्या इंजिनाचा कुठलासा भाग उघडून बसला होता. मी विचारलं, ''लाकडाला पाणी चालतं का रे?''

त्याने वर न बघता सांगितलं, ''होडी कसली आसा? लाकडाचीच मां?''

मी पेटीतली पानं-सुपारी स्टीलच्या डब्यात काढून ठेवली. घमेल्यात कढत पाणी घेतलं, मूठभर सोडा टाकला, आणि पेटी पूर्ण बुडवून ठेवली. मग वैशालीच्या साडीला फॉल लावायला बसले. फॉल लावून झाला, भात झाला, शेजारच्या काकू येऊन गेल्या. परत आले तेव्हा पाणी काळ्या चहासारखं झालं होतं. मी पेटी बाहेर काढून बाजूला ठेवली आणि ते घाण पाणी माडाच्या मुळात ओतून दिलं.

पाण्याबरोबर पांढरं पांढरं काहीतरी पडलं. मला वाटलं, भाताची शितं.

कोंबड्यांनाही तसंच वाटलं.

आमच्याकडे तीन कोंबड्या होत्या. एक काळी, एक लाल आणि एक मानेवर पिसं नसलेली. तिघी धावत आल्या आणि टिपायला लागल्या. मी कौतुकाने बघत उभी होते. मग एक शीत उन्हात हिरवट-गुलाबी चमकलं. शितं चमकत नाहीत, हे डोक्यात शिरायला मला जरा वेळ लागला. मी वळून पेटीकडे बघितलं. पेटी स्वच्छ झाली होती. इतकी स्वच्छ, की तिच्यावर काहीच नव्हतं. नुसत्या खाचा. पुलाची खाच, झाडाची खाच आणि त्या माणसाच्या आकाराचा एक खड्डा.

मी कोंबड्यांवर झेपावले. लाल कोंबडी चोचीत काहीतरी घेऊन पळाली, मी तिच्यामागे, ती पायरीवरून पडवीत, मीही पडवीत. तिथे बाबा जाळं विणत बसले होते. कोंबडी जाळ्यावरून गेली, मी जाळ्यातून.

''काय झाला गो?'' बाबांनी शांतपणे विचारलं.

''तिने चिनी खाल्ला,'' मी म्हणाले.

बाबांनी जाळ्याची सुई खाली ठेवली. अंगणात आले. त्यांनी पेटी बघितली, माड बघितला, मग मला बघितलं. विलास आला. वैशाली आली आणि पेटी बघून पायरीवर बसली. मला वाटत होतं कोणीतरी ओरडावं, निदान वैशालीने. शेवटी बाबा म्हणाले, ''तिका सांगू नको. आज तरी सांगू नको.''

विलासला मी विचारलं, ''तू म्हणालास ना होडी लाकडाचीच असते?''

''होडयेर चित्र खंय आसता?'' तो म्हणाला.

मग आम्ही चौघं माडाच्या मुळात ओणवे होऊन चिखल चाळत बसलो. सापडले ते तुकडे धुऊन ताटात घेतले. आणि तेव्हा एक भलतीच गोष्ट उघडकीला आली. ही माणसं जन्मापासून ती पेटी रोज बघत होती, पण चित्रात नेमकं काय होतं ते एकालाही सांगता येईना.

''छत्री होती तेच्या हातात,'' वैशाली म्हणाली.

''छत्री नाय, वल्हा,'' विलास म्हणाला.

बाबा म्हणाले, ''माका तर तो जाळा टाकता असाच वाटलेला.''

खाचांवरून कळलं असतं. पण लाकूड पाण्याने असं फुगलं होतं, की कुठलाच तुकडा कुठल्याच खाचेत उतरेना. बोटाने दाबून बघितला, हातोडीच्या दांड्याने ठोकून बघितला. तेव्हा विलास उठला आणि होडीच्या फटी बुजवतात तो डिंक घेऊन आला. दोन डब्यांतला माल एकत्र कालवायचा, आणि एकदा सुकला की समुद्रही त्याचं काही करू शकत नाही. मी काही म्हणायच्या आत त्याने अख्ख्या झाकणावर त्याचा सपाट लेप दिला. सगळ्या खाचा बुजल्या.

''अरे, आता कुठला तुकडा कुठे लावायचा ते कळणार कसं?'' मी विचारलं.

विलासने आधी हातातली पट्टी बघितली, नंतर झाकण. मग म्हणाला, ''लवकर लाव. सुकतला.''

त्यानंतर जे झालं ते मी थोडक्यात सांगते, कारण मला ते अजून नीट सांगवत नाही. पूल उलटा बसला. कमानीचा बाक खाली गेला आणि तो पाळण्यासारखा दिसायला लागला. होडी झाडावर गेली. होडीतल्या नावाड्याचे पाय मिळाले नाहीत म्हणून बाबांनी त्याला कमरेपर्यंत पाण्यात उभा केला. एक लांब मानेचा पक्षी शेवटपर्यंत उरला होता, तोही डोकं खाली आणि पाय वर असा, आणि डिंक घट्ट होत चालला होता. मी घाईघाईने तो जागा दिसेल तिथे दाबला. ती जागा मधल्या चिनी माणसाच्या बरोबर वर होती.

त्या माणसाचं धड मिळालं, झगा मिळाला, हातातली ती छत्री, वल्हं किंवा जाळं मिळालं. डोकं मिळालं नाही. आम्ही चाळणीने चिखल चाळला. डोकं नव्हतं. लाल कोंबडी कुंपणाजवळ उभी राहून आमच्याकडे बघत होती.

शेवटी वैशालीने किनाऱ्यावरून एक शिंपला आणला, विलासने तो कानशीने घासून गोल केला, आणि वैशालीने नखांना लावायच्या रंगाने त्याच्यावर डोळे आणि ओठ काढले. माणूस आकाराने ठीक झाला, पण चेहरा पुनवेच्या चंद्राएवढा, ओठ लालभडक, आणि मान नाही. वर तो पक्षी, उलटा.

आम्ही पेटीवर फडकं टाकलं.

भाऊ तापाने पडला होता म्हणून संध्याकाळी आई एकट्याच आल्या. फळीकडे बघून म्हणाल्या, ''पेटी खंय?''

मी म्हणाले, ''पुसून तेल लावून ठेवलीय. उद्यापर्यंत हात नको लावायला.''

आईंनी माझ्याकडे बघितलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा सैल झाला. ''बरा केलंस गो,'' त्या म्हणाल्या, आणि स्टीलच्या डब्यातलं पान खाऊन झोपायला गेल्या. त्या 'बरा केलंस'साठी मी सहा महिने कंदील घासले होते. आता ते मिळालं होतं आणि मला रडू येत होतं. वैशालीला तर आधीच आलं होतं. सकाळी उठली तेव्हा तिचे डोळे सुजून नुसत्या रेघा झाल्या होत्या.

रविवारी पाहुण्यांना कोंबडी-वडे करायचे होते. आमचा बेत असा, की कोंबड्या विलासने कापायच्या, साफही त्यानेच करायच्या आणि डोकं मिळालं तर गुपचूप काढून घ्यायचं. पुढे त्या डोक्याचं करायचं काय, हे ठरलं नव्हतं. विलास सुरी घेऊन उभा राहिला तशी आई म्हणाल्या, ''तू कधीपासून कोंबडी साफ करूक लागलंस? सर थयसून.''

बाबांनी पुढे होऊन सांगितलं, ''तिन्ही मारूया.''

''पाव्हणे चार. तिन्ही कित्याक?''

''भूक लागात तेंका.''

''दोन पुरे,'' आई म्हणाल्या, आणि काळी आणि लाल घेऊन परसात गेल्या. मी स्वयंपाकघरात वड्यांचं पीठ मळत होते. म्हणजे हात पिठात होते, बाकी सगळी मी परसाच्या दाराशी होते.

बऱ्याच वेळाने हाक आली. ''सुनीता, हय ये गो.''

आवाज अगदी साधा होता. मी गेले. कोंबडीच्या पोटात दाणे दळायची एक जाड पिशवी असते, ती आईंनी चिरून धुतली होती. त्यांच्या तळहातावर थोडे दाणे होते, वाळूचे खडे होते, आणि त्यांच्यात करंगळीच्या नखाएवढं एक डोकं होतं. बारीक कोरलेले डोळे, टोपी, दोन लोंबत्या मिशा. कोंबडीच्या पोटात फिरून ते कधी नव्हे इतकं चमकत होतं.

''ह्या काय?'' आईंनी विचारलं.

''शिंपला,'' मी म्हणाले.

''शिंपल्याक मिशी आसता?''

मी पिठाचे हात पदराला पुसायला लागले.

''पेटी हाड.''

मी पेटी आणली. फडकं त्यांनीच काढलं. त्यांनी एकेक बघितलं. उलटा पूल, झाडावरची होडी, पाण्यात उभा नावाडी, लाल ओठांचा तो चंद्र. मी मनात म्हणत होते, आता बोला, काय हवं ते बोला. त्यांनी तळहातावरचं डोकं बोटाने सरळ केलं आणि म्हणाल्या, ''हे माझे आण्णा.''

मला वाटलं, धक्क्याने त्यांना भ्रम झाला.

''माझो बापूस बोटीर जाय तो दोन-दोन वर्सा येय नाय,'' त्या म्हणाल्या. ''जाताना माझा बोट धरून हेच्या तोंडार ठेवी आणि सांगी, हो पुलावरचो मी. खंय जावक नाय, हयच उभो आसंय. मी शाळेतसून इलंय काय आधी हेका सांगी. लग्न ठरला तेवाय हेकाच पयला सांगितलंय. आण्णा तेवा दर्यार होते.''

विलासला हे माहीत नव्हतं. बाबांना माहीत नव्हतं. इतकी वर्षं कोणी विचारलंच नव्हतं. आणि मी काय केलं होतं, तर त्यांच्या वडिलांचं डोकं कोंबडीला घातलं होतं आणि त्यांच्या जागी नखांच्या रंगाची एक बाई बसवली होती.

''आई...'' मी सुरुवात केली.

त्यांनी डोकं पाण्याखाली धरून धुतलं, पदराच्या टोकाला ठेवून गाठ मारली, आणि दुसरी कोंबडी पुढे ओढली. ''तेल तापत ठेव. पाव्हणे येतले.''

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी त्या दिवशी वडे तळले, पण कढईत काय सोडत होते ते मला दिसत नव्हतं.

पाहुणे आले. मुलगा, त्याचे आईवडील आणि एक काका. काका बोटीवर नोकरी करून निवृत्त झाले होते आणि निवृत्त झाल्यापासून पुस्तकातल्यासारखं मराठी बोलायचे. जेवण उत्तम झालं. मुलाच्या आईने रस्सा तीनदा घेतला. मग सगळे पडवीत बसले, आणि आईंनी आतून पेटी आणून मधोमध ठेवली. फडकं नाही, काही नाही. तशीच.

विलास अंगणाकडे बघायला लागला. वैशाली जमिनीकडे बघायला लागली. मी बडीशेपेची ताटली घेऊन दारात उभी होते.

काकांनी चष्मा लावला. ''ही तर चिनी पेटी. मी हाँगकाँगला अशा पुष्कळ पाहिल्या आहेत.''

संपलं, मला वाटलं. काकांनी पेटी उजेडाकडे फिरवली, वाकून बघितली, बोटाने चाचपली.

''अस्सल आहे,'' ते म्हणाले. ''सामान्य माणसाला हे चित्र चमत्कारिक वाटेल. पण चिनी लोकांची विचार करण्याची पद्धतच निराळी. पूल उलटा का? तर नम्रता. होडी झाडावर आहे, म्हणजे संसारसागर संपला. मस्तकावर पक्षी, म्हणजे दीर्घायुष्य. आणि हा मुखचंद्र पाहा. मान का नाही? कारण ज्ञानी माणसाला मान वळवून मागे बघावं लागत नाही.''

आम्ही पाचही जण त्यांच्याकडे बघत राहिलो. बाबांनी तर हात जोडले.

''आता हा पुरुष म्हणजे नेमका कोण,'' काका पुढे म्हणाले, ''याविषयी जाणकारांत एकमत नाही.''

''नसाक काय झाला?'' आई म्हणाल्या. ''तो माझो बापूस.''

मुलाच्या आईचा पानाकडे गेलेला हात मध्येच थांबला. तिने पेटीकडे बघितलं. मग आईंकडे बघितलं. मग सावकाश वळून वैशालीच्या डोळ्यांकडे बघितलं, ज्यांच्या त्या दिवशी रेघा झाल्या होत्या.

''तुमचे वडील...'' मुलाच्या वडिलांनी घसा साफ केला, ''मूळचे खयचे?''

हा प्रश्न आईंना होता. पण मदत करायची म्हणून बाबा मध्ये पडले. त्यांच्या डोक्यात पेटीच होती. ते म्हणाले, ''हाँगकाँगचे.''

मुलाची आई उठून उभीच राहिली. मुलाने पहिल्यांदा तोंड उघडलं, ''आई, बस मां,'' पण ती बसेना. ''आमका कोणी सांगूक नाय ह्या,'' ती म्हणाली. ''सोयरीक आणलल्यांनी तरी सांगूक व्हया होता.'' काका म्हणाले की चिनी लोक कष्टाळू असतात, आणि त्याने परिस्थिती आणखी बिघडली. वैशालीने रडायला सुरुवात केली, आणि तिचे डोळे होते त्याहून बारीक झाले.

आई मात्र बसल्या जागेवरून हलल्या नाहीत. त्यांनी पदर पुढे घेतला, गाठ सोडली आणि ते डोकं पेटीच्या झाकणावर, त्या चंद्राच्या शेजारी ठेवलं.

''माझो बापूस देवबागचो,'' त्या म्हणाल्या. ''खलाशी होतो.'' आणि त्यांनी मला सांगितलं होतं ते सगळं परत सांगितलं. बोट धरून तोंडावर ठेवायचे ते, शाळेतून आल्यावरचं ते, लग्न ठरल्यावरचं ते. मुलाची आई ऐकता ऐकता बसली. काका वाकून त्या मिशांकडे बघत होते, मग त्या लाल ओठांकडे, मग पुन्हा मिशांकडे. त्यांचा चष्मा नाकावरून खाली घसरला तो त्यांनी वर केला नाही.

''मगे ह्या डोक्या थयसून निघाला कसा?'' मुलाच्या आईने विचारलं.

आईंनी वर बघितलं. सरळ माझ्याकडे. आता माझं नाव येणार, मग मी नांदगावची हे येणार, मग बांगडे येणार.

''कोंबडीन खाल्ल्यान,'' आई म्हणाल्या.

''खयच्या कोंबडीन?''

उत्तर द्यायची गरजच पडली नाही. पडवीच्या कोपऱ्यात उष्टी ताटं होती, त्यांत हाडं होती, आणि हळूहळू सगळ्यांच्या नजरा तिकडे गेल्या. काका काडीने दात कोरत होते, ते थांबले. मुलाच्या वडिलांनी पोटावर हात ठेवला. मुलाची आई त्या ताटांकडे बघत कितीतरी वेळ बसून होती, रस्सा तीनदा घेतलेला असल्यामुळे असेल.

मग ती म्हणाली, ''बरी होती पण.''

आधी बाबांना हसू फुटलं. मग मुलाला, मग सगळ्यांनाच. मुलाची आई तर पदर तोंडात कोंबून हसत होती. हसता हसताच तिने पेटी उघडली, स्वतःच्या हाताने पान काढून घेतलं आणि आईंच्याही हातात एक दिलं. सुपारी फुटली. काका तेवढे 'मुखचंद्रा'विषयी पुढे कधी काही बोलले नाहीत.

पाहुणे गेल्यावर मी भांडी घेऊन विहिरीवर बसले. आई मागे येऊन उभ्या राहिल्या. मी म्हणाले, ''आई, तुम्ही माझं नाव नाही सांगितलंत.''

''कोंबडीन खाल्ल्यान ह्या खरा,'' त्या म्हणाल्या. ''कोंबडेक वाढल्यान कोणी, ता तेंनी विचारूक नाय.'' आणि माझ्या हातातला टोप काढून घेऊन स्वतः घासायला बसल्या. सहा महिन्यांत आम्ही शेजारी बसून केलेलं ते पहिलं काम.

नवं डोकं काढून खरं लावायचा विलासने प्रयत्न केला. डिंकाने दाद दिली नाही. छिन्नी मोडली. त्यामुळे लग्नात पेटी तशीच वैशालीबरोबर वेंगुर्ल्याला गेली, आणि डोकं आईंनी कुंकवाच्या करंड्यात आपल्यापाशी ठेवलं. निघताना वैशाली गळ्यात पडून म्हणाली, ''आई, आजोबांचा डोक्या पण दी मां.'' आई डोळे पुसत म्हणाल्या, ''धड नेतंस ता खूप झाला.''

काही वर्षांनी गणपतीत मी आणि आई वैशालीकडे गेलो होतो. तिची मुलगी तेव्हा बोलायला लागली होती आणि दिसेल त्याच्यावर बोट ठेवून हे कोण, ते कोण विचारत होती. पेटीजवळ येऊन तिने लाल ओठांच्या माणसावर बोट ठेवलं.

''आजी, हो कोण?''

''हो तुझो पणजो,'' आई म्हणाल्या.

मुलीने मान तिरकी करून त्याच्या डोक्यावरच्या उलट्या पक्ष्याकडे बघितलं. ''आणि ह्या तेच्या डोक्यार पाय वर करून काय बसला हा?''

मी चहा पीत होते. आईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

''ती तुझी मामी,'' त्या म्हणाल्या.